दिसली होती की मागितली होती? केशवसुतांवरच्या एका लेखाचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका छोट्या मराठी त्रैमासिकाचं संपादन मी काही वर्षं करतो आहे. मंडळ तिघांचं: मी, मुद्रितं तपासून अंक लावणारा एक तरुण सहकारी, आणि सल्लागार म्हणून महाविद्यालयातून निवृत्त झालेले मराठीचे एक प्राध्यापक. त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो. कवितेवरच्या विशेषांकाची जुळवाजुळव चालू असताना टपालाने एक जाड पाकीट आलं. आत फुलस्केपची एकवीस पानं, प्रत्येकाला डावीकडे नीट समास, मजकूर निळ्या शाईत आणि कवितेच्या ओळी लाल शाईत. लेखिका माध्यमिक शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या एक बाई. लेखाचं नाव होतं, 'केशवसुतांना आपली कीर्ती दिसली होती'.

ज्यांना तपशील आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले. जन्म १८६६चा, रत्नागिरीजवळच्या मालगुंडचा. आयुष्यभर बहुतेक शिक्षकाचीच नोकरी. मुंबई, खानदेशातलं फैजपूर, शेवटी धारवाड. नोव्हेंबर १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले, तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. कविता सुमारे १३५. त्या 'काव्यरत्नावली', 'करमणूक' अशा नियतकालिकांतून छापून येत, पण हयातीत एकही संग्रह नाही. संग्रह निघाला तो मृत्यूनंतर दहा वर्षं उलटून गेल्यावर, हरि नारायण आपट्यांच्या हातून. 'आधुनिक मराठी कवितेचे जनक' ही ओळख त्यांच्या पश्चात रुजली. बाईंचा दावा असा, की हे सगळं कवीला आधीच ठाऊक होतं आणि तसं त्याने कवितेत लिहून ठेवलं आहे.

अडचण कुठे होती

लेख वाचनीय होता, हीच पहिली अडचण. रटाळ लेख परत पाठवणं सोपं असतं. बाईंचं गद्य गोळीबंद होतं, ओळी त्यांच्या तोंडात बसलेल्या होत्या आणि प्रत्येक परिच्छेदात शिकवण्याची ऊब होती. सहकाऱ्याने वाचून लगेच सांगितलं, "अंकातला हा सगळ्यात चांगला लेख होईल."

सरांनी उलट टोक गाठलं. "कवी गेला, मोठा झाला, आणि आता आपण त्याच्या वहीत मोठेपणाच्या खुणा शोधतोय. याला समीक्षा म्हणायचं नाही." त्यांचं म्हणणं लेख परत करावा.

मला दोघांचंही पटत होतं. अशी विधानं एकदा छापली की जयंतीच्या भाषणांत जातात, तिथून मार्गदर्शकांत आणि तिथून मुलांच्या उत्तरपत्रिकांत. 'कवीला दिसलं होतं' हे वाक्य कानाला गोड लागतं, म्हणून ते फार लवकर पसरतं. अंक छापायला जायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

पुरावा तपासताना

बाईंनी मुख्य भार टाकला होता 'आम्ही कोण?' या १९०१च्या कवितेवर, आणि तिच्यातल्याही एका ओळीवर:

दिक्कालांतुनि आरपार अमुची दृष्टी पहाया शके

त्यांचा अर्थ सरळ होता. काळाच्या पलीकडे पाहू शकतो असं कवी स्वतः सांगतो, म्हणजे त्याने आपला उद्याही पाहिला. मी ती ओळ बऱ्याच वेळा वाचली. पाहणारा कवी आहे, हे तीत आहे. त्याला पुढे कोण पाहील, हे तीत नाही. दृष्टी कवीची आहे, कीर्ती मात्र दुसऱ्यांच्या नजरेत असते. लेखात या दोन गोष्टी एक झाल्या होत्या. शिवाय कवितेत 'मी' नाहीच; 'आम्ही असूं लाडके देवाचे' असं कवींच्या सगळ्या जातकुळीबद्दल म्हटलं आहे. हा आक्षेप मला तेव्हा फार भक्कम वाटला. पुढे बाईंनी तो कसा मोडला ते येईलच.

दुसरा आधार 'तुतारी'चा, १८९३चा. 'एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने'. बाईंनी लिहिलं होतं, की पुढे अवघ्या महाराष्ट्राने ती तुतारी ऐकली, तेव्हा भाकीत खरं ठरलं. पण ओळीतलं क्रियापद पाहा. 'द्या'. तुतारी अजून हातात नाही. कोणीतरी आणून द्यायची आहे, आणि मिळाली तर फुंकीन, असं म्हणणं आहे. मागणाऱ्याला आपण मिळाल्याचं श्रेय आधीच देऊन टाकतो, कारण पुढची गोष्ट आपल्याला माहीत आहे.

तिसरी गोष्ट लेखात नव्हतीच. मृत्यूच्या वर्षी, १९०५ मध्ये, केशवसुतांनी 'हरपले श्रेय' लिहिली. 'त्रिखंड हिंडुनि धुंडितसें, न परि हरपलें तें गवसे'. आयुष्याच्या शेवटाला कवी हरवलेलं काही तरी शोधत हिंडतो आहे. या कवितेचे अर्थ पुष्कळ लावले गेले आहेत, पण कीर्तीची वाट समोर लख्ख दिसणाऱ्या माणसाचा हा सूर नव्हे.

इथवर सगळं लेखाच्या विरोधात जात होतं, आणि खरं सांगायचं तर मी विरोधातलंच शोधत होतो. मग सहकाऱ्याने 'दुर्मुखलेला' समोर ठेवली. विद्यार्थिदशेतल्या अनुभवावरची कविता. मुलाचा चेहरा आंबट म्हणून गुरुजी बोलले आहेत आणि तो मनातल्या मनात उत्तर देतो आहे:

याचें तोंड कुरूप हें विधिवशात् गाईल काव्यें नवी,
तेणें सर्वहि डोलतील जन हे हर्षें कदाचित् भुवि!

बाईंच्या दाव्याला सगळ्या कवितांत यापेक्षा जवळचा पुरावा नाही. आणि त्यांच्या एकवीस पानांत याचा उल्लेखही नव्हता. आमच्यासमोर पहिला खरा निर्णय इथे आला. विरोधातले मुद्दे कळवायचे आणि हे मात्र आपल्याजवळ ठेवायचं, हे शक्य होतं. तसं करणं लबाडीचं झालं असतं. आम्ही ते कळवायचं ठरवलं.

पण त्या ओळींतही एक शब्द आहे, 'कदाचित्'. शार्दूलविक्रीडिताच्या मापात तो चपखल बसतो. म्हणून कुणी म्हणेल, वृत्तासाठी घातला. मला तसं वाटत नाही. चारचौघांत अपमान झालेला मुलगा जेव्हा म्हणतो, 'एक दिवस बघाल', तेव्हा त्याच्या पोटात हा शब्द असतोच. केशवसुतांनी तो लपवला नाही.

इतर कवींचं काय

एवढ्यावर थांबलो असतो तर निर्णय केवळ एका कवीच्या चार ओळींवर झाला असता. म्हणून सरांनी प्रश्न मोठा केला: अशी भाषा आणखी कोणी केली आहे?

उत्तर: पुष्कळांनी, फार पूर्वीपासून. रोमन कवी होरेस 'मी पुरता मरणार नाही' असं म्हणून गेला. आपल्याकडे विदर्भाशी नातं सांगणारा भवभूती 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत अवहेलना करणाऱ्यांना सुनावतो, की माझा कोणी समानधर्मा पुढे जन्मेल, कारण 'कालो ह्ययं निरवधिर्विपुला च पृथ्वी'. काळाला अंत नाही आणि पृथ्वी विशाल आहे. भवभूती कीर्ती मागत नाही, हे मला इथे फार महत्त्वाचं वाटतं. त्याला एक माणूस हवा आहे, कळणारा. तो आज नसला तर केव्हातरी, इथे नसला तर कुठेतरी.

म्हणजे आपण टिकू असं म्हणणं ही कवींची जुनी रीत आहे. ज्यांचं म्हणणं खरं ठरलं त्यांना आपण वाचतो. ज्यांचं खोटं ठरलं, त्यांच्या वह्या कुठल्या माळ्यावर गेल्या कोणास ठाऊक. त्यांच्या ओळी पुरावा म्हणून कोणीच काढत नाही. उरलेल्यांकडे बोट दाखवून 'पाहा, यांना कळलं होतं' म्हणणं सोपं आहे, कारण न उरलेले साक्षीला येऊ शकत नाहीत.

कीट्सचं उदाहरण सरांनीच काढलं आणि त्याने माझा गोंधळ बराच सुटला. ऑक्टोबर १८१८ च्या पत्रात तो भावाला लिहितो, की मरणानंतर मी इंग्रजी कवींत गणला जाईन. फेब्रुवारी १८२१ मध्ये रोममध्ये पंचविसाव्या वर्षी गेला तेव्हा त्याची इच्छा अशी, की थडग्यावर नाव नको. ज्याचं नाव पाण्यावर लिहिलं होतं असा एक जण इथे आहे, एवढंच कोरा. माणूस एकच, मधे जेमतेम अडीच वर्षं. आज आपण पत्राला द्रष्टेपण म्हणतो. तो विस्मृतीत गेला असता तर दगडावरच्या ओळीला म्हटलं असतं.

आणि बहिणाबाई चौधरी? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी ओठांवरची, मुलगा सोपानदेव यांच्यामुळे कागदावर टिकलेली. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' आली आणि घराघरांत पोचली. मरणोत्तर कीर्तीचं याहून ठळक उदाहरण मराठीत सापडणं कठीण. त्यांनी आपल्या गाण्याचं श्रेय 'माझी माय सरसोती' म्हणत सरस्वतीला दिलं. आपलं नाव पुढे गाजेल असा सूर त्यांच्या गाण्यांत मला कुठे ऐकू येत नाही. कीर्ती यायला भाकिताची गरज नसते, आणि भाकीत केलं म्हणून ती येतेच असं नाही.

समोरचे पर्याय

लेख आहे तसा छापणं, परत करणं, आम्हीच त्यात दुरुस्त्या करून छापणं, लेखासोबत चौकटीत सरांचं प्रतिटिपण देणं, किंवा बाईंनाच पुन्हा लिहायला सांगणं.

आमच्या हातून दुरुस्ती करणं मी पहिल्यांदा बाद केलं. मूळ दावाच हलणार होता, आणि दुसऱ्याच्या लेखातला दावा आपण बदलायचा नसतो, भाषा फार तर. चौकटीचा पर्याय सहकाऱ्याला आवडला होता, कारण त्यात नऊ दिवस पुरत होते. मला तो खटकला. सत्तरीपुढच्या शिक्षिकेचा लेख छापायचा आणि त्याच पानावर प्राध्यापकांकडून तो खोडून काढायचा, ही वाद घडवण्याची रीत नाही. पुन्हा लिहायला सांगायचं तर विशेषांक हुकणार होता. तरी आम्ही तेच ठरवलं.

काय केलं

इथे मी चूक केली. आक्षेप एकत्र केले, अकरा निघाले, त्यांना क्रमांक दिले आणि पत्र धाडलं. 'दुर्मुखलेला'चा मुद्दा नववा होता. म्हणजे बाईंच्या बाजूची एकुलती एक गोष्ट वाचण्याआधी त्यांना आठ फटके खावे लागले.

तीन दिवसांनी फोन आला. आवाज शांत होता, तो जास्त लागला.

"अहो संपादक, तीस वर्षं मी 'तुतारी' शिकवली. मुलांना सांगितलं, बघा, या मास्तरला कोणी ओळखत नव्हतं, पण त्याला माहीत होतं. मागच्या बाकावरची पोरं ताठ बसायची हो. ते सगळं खोटं होतं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "बाई, पत्र मी नीट लिहिलं नाही. नववा मुद्दा पाहिलात का?"

त्यांनी पाहिला नव्हता. पाचव्यापाशी पत्र घडी करून ठेवलं होतं. मी 'दुर्मुखलेला' एवढंच म्हणालो, आणि त्यांनी पुस्तक न उघडता ओळी म्हणायला सुरुवात केली. जुन्या शिक्षकांची ती चाल, शार्दूलविक्रीडिताला शोभेल अशी. 'तेणें सर्वहि डोलतील जन हे हर्षें' इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. मग हळू म्हणाल्या, "कदाचित्."

बराच वेळ दोन्हीकडे शांतता होती.

"म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मग ते भाकीत नाही. पैज आहे."

आमच्या अकरा मुद्द्यांत हा शब्द कुठेच नव्हता. आम्ही फक्त 'भाकीत नाही' एवढं सांगू शकलो होतो. काय आहे ते बाईंनी सांगितलं. भाकीत करणाऱ्याला धोका नसतो, त्याला दिसलेलं असतं. पैज लावणारा हरू शकतो. प्लेगच्या दिवसांत, परगावी मास्तरकी करत, संग्रह न छापता कविता लिहीत राहणाऱ्या माणसाला आपण द्रष्टा ठरवतो, तेव्हा त्याची हरण्याची शक्यताच काढून घेतो. ती काढली की त्याचं धैर्यही जातं. आणि ज्यांनी पैज जिंकून दिली, कविता छापणारे, जपणारे, संग्रह काढणारे आपटे, स्वतःला केशवसुतांचा चेला म्हणवणारे गोविंदाग्रज, त्यांचे कष्टही पुसले जातात. सगळं ठरलेलंच होतं म्हटलं, की कोणाला काही करावं लागलं असं उरत नाही.

फोन ठेवण्याआधी बाईंनी माझा 'आम्ही'चा आक्षेप निकालात काढला. "तुम्ही लिहिलंय, 'आम्ही' म्हणजे सगळे कवी. अहो, मराठी माणूस एकटाच उंबऱ्यात उभा राहून 'आम्ही येतो बरं का' म्हणतो. आमच्यात 'आम्ही'त 'मी' लपवायची पद्धत आहे." मी हा मुद्दा मागे घेतला. सर आजही घेत नाहीत.

पुढे काय झालं

विशेषांक बाईंच्या लेखाशिवाय निघाला. पुढच्या अंकासाठी त्यांनी नवा मजकूर पाठवला: चौदा पानं, शीर्षक 'केशवसुतांची पैज'. सुरुवात 'दुर्मुखलेला'ने, शेवट 'हरपले श्रेय'ने. मधे प्रत्येक कवितेपुढे वर्ष आणि त्या वर्षी कवी कुठे होता ते. 'दिक्कालांतुनि आरपार' ही ओळ राहिली, पण आता तिच्यावर दावा टाकलेला नव्हता. आम्ही त्यात विरामचिन्हांपलीकडे काही बदललं नाही.

पत्रं आली ती बहुतेक शिक्षकांची. एकाने विचारलं, की वर्गात मुलांना 'त्याला माहीत होतं' सांगण्यात जी ताकद आहे ती 'त्याने पैज लावली' मध्ये येईल का. बाईंनी त्याला स्वतः उत्तर लिहिलं. आमच्याकडे प्रत पाठवली नाही, आम्ही मागितली नाही. एका वाचकाने मूळ दावाच बरोबर होता असं ठासून कळवलं. ते पत्रही आम्ही छापलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, फोन आधी आणि पत्र नंतर. हाताने एकवीस पानं लिहिणाऱ्या माणसाला क्रमांकित आक्षेप पाठवणं हा उद्धटपणाच होता, भाषा कितीही सभ्य असली तरी.

दुसरी, लेखाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आधी शोधायचा आणि मग विरोधातला. आमचा क्रम उलटा झाला. सहकाऱ्याने 'दुर्मुखलेला' काढली नसती तर लेख परत गेला असता आणि आम्हाला आपण बरोबर आहोत असंच वाटत राहिलं असतं.

तिसरी, एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: हा कवी विस्मृतीत गेला असता तर हीच ओळ आपण कशी वाचली असती? 'तुतारी द्या' ही मग पुरी न झालेली मागणी ठरली असती, 'दुर्मुखलेला' हा दुखावलेल्या मुलाचा त्रागा. ओळ तीच राहते, बदलतं ते आपलं नंतरचं ज्ञान. आता कवीच्या द्रष्टेपणावर लेख आला की आम्ही हा प्रश्न लेखकालाच पाठवतो, एवढाच, बाकी काही नाही.

तरी या कसोटीबद्दल माझ्या मनात एक शंका आहे. ती फार कडक आहे. तिच्यापुढे कीट्सचं पत्रसुद्धा टिकत नाही, आणि ते पत्र वाचताना मला वाटतं, त्या क्षणी त्याला खरोखर कळलं होतं. स्वतःच्या कामाचं मोल स्वतःला कळणं आणि जग ते मोल देईल हे कळणं यांतली रेघ सरांना स्पष्ट दिसते. मला ती प्रत्येक वेळी दिसत नाही. बाईंचा लेख आता एका पुस्तिकेत घ्यायचा विचार आहे आणि सरांनी प्रस्तावनेत 'आम्ही'वर दोन पानं लिहायची म्हटलं आहे. बाईंनी निरोप पाठवला आहे, की खुशाल लिहा, पण छापण्याआधी मला दाखवा.